वायपर उभे होते

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि विशेषतः सिंगापूरच्या पुंगोलमधल्या आमच्या ब्लॉकच्या समस्त मराठी मंडळींना जाहीर करण्यात येते की, गेली अनेक वर्षं दिवाळीच्या फराळाला, गणपतीत, बारशांना, वाढदिवसांना आणि एकदा तर चक्क एका शोकसभेनंतरच्या चहाला जो प्रयोग आपण पोट धरधरून पाहिलात, ज्याची आपण पुन्हा पुन्हा फर्माईश केलीत, तो ‘हँडब्रेक वहिनी’ नावाचा प्रयोग आजपासून कायमचा बंद करण्यात येत आहे. प्रयोगाचे लेखक, दिग्दर्शक आणि एकमेव नट, म्हणजे अस्मादिक, यांना तो बंद करताना अत्यंत आनंद होत आहे.

कारण तो प्रयोग खोटा होता.

पहिल्यापासून. अगदी पहिल्या वाक्यापासून.

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, देवाला नाही, एकटा असताना स्वतःला मोठ्यानं म्हणूनही दाखवलं नव्हतं. गेल्या रविवारी ते तोंडातून निघालं आणि आता कागदावर उतरवतो आहे. तुम्ही, हे वाचणारे, माझे कोण? कुणीच नाही. म्हणून तर बरं वाटतंय. बसा ना. चहा घ्या. मी जरा लांबून सुरुवात करणार आहे — कारण सरळ मुद्द्यावर यायची माझी अजून हिंमत होत नाही.

तर मी नंदू. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. दिवसा वन-नॉर्थच्या एका ऑफिसात संगणकापुढे बसतो, पण तो माझा खरा धंदा नव्हे. माझा खरा धंदा गोष्टी सांगण्याचा. ऑफिसातून निघून एलआरटीच्या छोट्या ट्रेननं घरी पोचेपर्यंत दिवसभरातल्या एखाद्या फुटकळ प्रसंगाला मी हात-पाय-शेपूट लावून तयार ठेवलेलं असतं. लोक हसले की मला जेवल्यासारखं वाटतं. हे काही मोठं व्यसन नव्हे, असं मी समजत होतो. दारू नाही, सिगारेट नाही. नुसतं लोकांना हसवायचं. त्यात कुणाचं काय जातं?

काय जातं ते सांगतो.

सिंगापुरात हिवाळा नसतो. तो विमानात बसून जाऊन बघायचा असतो. आमच्या ब्लॉकमध्ये त्यासाठी एक भली मोठी निळी बॅग आहे. तिच्यात जाड जॅकेटं, लोकरी टोप्या, हातमोजे, बर्फातले बूट असं सगळं. कुणी कोरियाला निघो, कुणी जपानला, ती बॅग त्या घरी जाते, आणि परत आल्यावर धुऊन-बिऊन पुढच्या घरी. एरवी ती आमच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे लोखंडी दाराच्या त्या कोठीत, तांदळाच्या पोत्यावर पडलेली असते. कुठलं जॅकेट कुणाला, यावर भांडणं. मला मिळालेल्या जॅकेटच्या खिशात कुणाची तरी खोकल्याची गोळी होती. मी ती खाल्ली. असा माझा स्वभाव.

त्या वर्षी बॅग आमच्याकडे आणि शिरीषकडे मिळून आली. शिरीष माझा पुण्यापासूनचा मित्र, राहतो समोरच्याच ब्लॉकमध्ये. तो, त्याची बायको मेधावहिनी, त्यांची प्रायमरीत जाणारी इरा, आणि मी व माझी अंजू — असे आम्ही डिसेंबरमध्ये जपानच्या होक्काइदो बेटावर गेलो. तिथे गाडी भाड्यानं घेतली. आणि गाडी चालवणार कोण, हा प्रश्नसुद्धा कुणाला पडला नाही. अर्थातच वहिनी.

वहिनींबद्दल सांगायलाच हवं. त्या सांगलीच्या. त्यांच्या वडिलांचं — आबांचं — तिथे मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्धी सांगली आबांच्या जीपवर शिकली असं त्या सांगतात, आणि उरलेली अर्धी त्या जीपला घाबरून घरात बसली. आबांचं एक वेड होतं. गाडी कशी चालवतो यावरून ते माणसाला जोखत नसत. गाडी कशी लावतो यावरून जोखत. रस्त्यातून जाताना दारात तिरपी लावलेली मोटार दिसली की थांबून मालकाला हाक मारायचे. वहिनी त्यांच्या एकुलत्या एक. इथे आमच्या बहुमजली कारपार्कमध्ये त्या गाडी उलटी घेऊन एका दमात, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून अशी लावायच्या की मी वर कॉरिडॉरमधून उगाच टाळ्या वाजवायचो. निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर, चारी चाकांकडे नजर, मग आरसे, मग पट्टा. “अहो वहिनी, विमान आहे का हे?” मी विचारायचो. “विमानात तुम्ही असता तर दोन चकरा मारल्या असत्या की!” त्या म्हणायच्या. रंगात आल्या की त्यांच्या बोलण्यात सांगली उतरते.

गाडी घेताना काउंटरवरच्या मुलानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि भरपूर हातवारे करून दोन गोष्टी सांगितल्या. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही. थंडीत तो गोठतो आणि सकाळी चाकं सुटत नाहीत. गिअर फक्त पार्किंगला ठेवायचा. आणि वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर ते काचेला चिकटून बसतात. आमच्यापैकी हे कुणी ऐकलं? शिरीष पासपोर्ट शोधत होता. मी यंत्रातून गरम कॉर्न सूपचा डबा काढून त्याचे फोटो घेत होतो. वहिनींनी मात्र त्याला दोनदा सांगायला लावलं.

आणि त्या संध्याकाळी, आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराच्या दारातल्या चढावर गाडी लावताना, त्यांनी ते मला करून दाखवलं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा हळू सांगतो. मी शेजारी उभा होतो. “बघा भाऊजी, हँडब्रेक खाली. गिअर पार्किंगला. आणि आता या मिश्या वर.” असं म्हणून त्यांनी दोन्ही वायपर उभे केले. गाडी एखाद्या मोठ्या झुरळासारखी दिसायला लागली. मी तसं म्हणालो. त्या हसल्या.

म्हणजे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

पहाटे उजाडता उजाडता मला जाग आली. घर झोपलेलं. बाहेर निळसर उजेड आणि भुरभुर बर्फ. मी जॅकेट चढवलं, फोटो काढायला बाहेर गेलो — नाही, हे खोटं. बघा, अजून जीभ वळते. मी जाताना खुंटीवरची किल्ली घेऊन गेलो होतो. फोटोला किल्ली कशाला लागते?

मी वायपर खाली केले, काच पुसली, गाडी हळूच रस्त्यावर काढली. छोट्या गावातला रस्ता. एका बाजूला आमचं घर, समोर दोन-चार घरं, दोन्हीकडे ढकलून ठेवलेल्या बर्फाच्या कमरेएवढ्या भिंती. पुढे एक वळण. त्या वळणावर मागची चाकं जराशी सरकली.

काय सांगू तुम्हाला! झोपाळा उंच गेल्यावर होतं तसं. मी मोठ्यानं हसलो. एकटा, गाडीत, भल्या सकाळी. पुढे गेलो, गाडी वळवली, परत त्याच वळणावर आलो आणि या वेळी मुद्दाम हँडब्रेक खसकन ओढला. गाडीचं ढुंगण असं डौलात फिरलं की मला वाटलं, मी गाडी चालवत नाहीये, गाडीशी फुगडी खेळतोय. आयुष्यभर मी सिग्नल पाळणारा, रांगेत उभा राहणारा, एमआरटी मेट्रोत मनाई म्हणून पाणीसुद्धा न पिणारा माणूस. त्या सकाळी मी कोण झालो होतो? मला तो माणूस फार आवडला. हे लपवून काय उपयोग? तो आनंद खरा होता. या सगळ्या गोष्टीत तेवढाच खरा होता, आणि तेवढाच मी कधी सांगितला नाही.

मोकळं मैदान असतं, शिकवणारा कुणी शेजारी असता, तर ती वेगळी गोष्ट. अशी आखलेली मैदानं असतात तिकडे. माणसं पैसे भरून, डोक्याला हेल्मेट घालून तिथे गाडी घसरवायला शिकतात. मी होतो तो लोकांच्या दारासमोरचा रस्ता. फाटकं उघडतात, माणसं बाहेर येतात असा.

तिसऱ्यांदा मी घराच्या जवळच ब्रेक ओढला.

समोरच्या फाटकातून एक आजीबाई बाहेर आली. हातात बर्फ ओढायचं फावडं, लाल हातमोजे. दारातला बर्फ साफ करायला आली होती. माझ्या गाडीची मागची बाजू तिच्याकडे निघाली होती.

मी पायाचा ब्रेक दाबला. काही झालं नाही. स्टिअरिंग फिरवलं. काही झालं नाही. पाय, हात, डोकं सगळं जागच्या जागी, आणि गाडी माझं ऐकतच नव्हती. ती आजी हललीसुद्धा नाही. हलायला वेळच नव्हता. मग तिच्या फाटकालगतच्या बर्फाच्या भिंतीत गाडीची शेपूट घुसली आणि थांबली. आवाजही असा मऊ आला की कुणाच्या उशीवर कुणी बुक्की मारावी. मागचा दिवा फुटला, बंपर वाकला. आजी आणि गाडी यांच्यात हात लांब केला तर पोचेल एवढी जागा होती.

मी काच खाली केली. मी हात जोडले. आणि ती बाई — जिला मी आत्ता मारली असती — ती कमरेत वाकली. मला नमस्कार केला तिनं. मग आत गेली.

गाडी काढायचा प्रयत्न केला. हँडब्रेक सोडला, पुढे-मागे केलं, चाकं नुसती गरगरली. शेवटी गिअर पार्किंगला टाकून बंद केली आणि घरात आलो. मी सांगायलाच आलो होतो. खरंच. चहाचं आधण ठेवलं. साखर ओट्यावर सांडली. मनात वाक्य जुळवत होतो — “अरे, एक गंमत झाली.” नको. “अरे, माझ्याकडून एक चूक झाली.” हे बरं होतं. हेच म्हणणार होतो.

तेवढ्यात शिरीष डोळे चोळत खिडकीशी गेला आणि ओरडला, “अरे! गाडी घसरली की आपली! आपोआप खाली गेली!”

बाहेर बर्फ पडत होता. माझ्या चाकांच्या खुणा केव्हाच बुजल्या होत्या. चढावरून सुटलेली गाडी थेट समोरच्या भिंतीत, शेपूट आत. कुणालाही तसंच वाटलं असतं. सगळे खिडकीशी गोळा झाले. वहिनी तोंडावर हात ठेवून उभ्या.

नुसतं गप्प राहिलो असतो, तरी तो भित्रेपणा म्हणता आला असता. भित्रेपणाला निदान तोंड नसतं. पण मी गप्प राहिलो नाही. मी वहिनींकडे वळून, अगदी काळजीच्या सुरात विचारलं, “वहिनी, हँडब्रेक लावला होता ना?”

हा तो गुन्हा. बर्फावर गाडी घसरवली हा नव्हे. हा.

“नाही, पण तो मुलगा म्हणाला होता ना, लावू नका—” वहिनी म्हणाल्या. “अगं, तो सपाट जागेबद्दल म्हणाला असणार,” शिरीष म्हणाला. “चढावर असं कोण सोडतं?” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी शेजारी उभा होतो ना! मी खांदे उडवले. मग त्या बाहेर गेल्या, गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, “वायपर मी उभे केले होते. हे खाली कसे आले?”

आणि मी म्हणालो, “लाजून बसले असतील.”

सगळे हसले. इतका ताण होता की सगळे भसकन हसले. इरा तर खाली बसून हसली. मला सुटल्यासारखं झालं. बघा, माझी गोष्ट सांगायची कला कशी कामाला आली ती.

थोड्या वेळानं समोरची आजी फावडं घेऊन आली आणि आमच्यासोबत बर्फ उकरू लागली. वहिनी तिच्यापुढे वाकून वाकून माफी मागत होत्या. तिची भिंत मोडली म्हणून, तिला सकाळी सकाळी त्रास झाला म्हणून. जपानी भाषेतला तो माफीचा एकच शब्द त्यांना येत होता. तो त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आजीनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लाल हातमोज्यानं वहिनींचा दंड थोपटून काहीतरी म्हणाली. आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नाही. मला कळलं. भाषा येत नसतानाही कळलं.

गाडीचा विमा होता. ते प्रकरण मिटलं. वहिनींनी किल्ली माझ्या हातात दिली. “आता तुम्हीच चालवा भाऊजी.” पुढचे सगळे दिवस मी चालवली — आणि काय चालवली! इतका सावध ड्रायव्हर त्या बेटानं पाहिला नसेल. वळण आलं की बैलगाडी. सगळे म्हणाले, नंदू किती जबाबदारीनं चालवतो.

परत आल्यावर पहिल्याच पार्टीत मी ती गोष्ट सांगितली. का? कुणी सांगायला लावली नव्हती. पण गोष्ट चांगली होती ना! दोन उलथनी हातात घेऊन मी वायपर व्हायचो, अंजूची ओढणी घेऊन वहिनी व्हायचो. “मी लावलीय नीट, मी सांगलीची आहे!” असं म्हणत मागे मागे घसरत जायचो आणि सोफ्यावर आदळायचो, मग उलथनी हळूहळू लाजून खाली. लोक लोळायचे. नाव मीच ठेवलं, हँडब्रेक वहिनी. सुरुवातीला त्या मध्येच म्हणायच्या, “अहो पण खरंच वायपर—” आणि त्यांनी तसं म्हटलं की लोक जास्तच हसायचे. मग त्यांनी ते म्हणणं सोडलं. त्याही हसायला लागल्या. मी मनाला सांगितलं, बघ, त्यांनाही मजा वाटते.

त्यांनी गाडी चालवणं सोडलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आधी, आज शिरीष घेईल. मग, आज पाय दुखतोय. मग किल्ली शिरीषच्याच खिशात राहू लागली.

एकदा अंजू कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, “मेधाचं काहीतरी बिनसलंय रे. लिफ्टपर्यंत येते आणि गॅस बंद केला का बघायला परत जाते. कुलूप लावून दोनदा ओढून बघते. म्हणते, हल्ली माझा माझ्यावर भरवसा नाही.” आणि अजून एक सांगितलं. वहिनींनी तिथूनच आबांना फोन करून गाडीचं सांगितलं होतं. आबांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, असू दे. आणि त्यानंतर, दर रविवारच्या फोनवर जे ते सगळ्यात आधी विचारायचे, गाडी काय म्हणते, ते त्यांनी कधी विचारलं नाही. हवापाणी विचारतात.

तेव्हा सांगता आलं असतं. त्या क्षणी अंजूच्या हातात माझाच शर्ट होता. मी म्हणालो, “वयानं होतं असं.”

आता गेला रविवार.

इरा आता मोठी झाली. लायसन्स मिळालं तिला, म्हणून आमच्याकडे बटाटेवड्यांची पार्टी. ब्लॉकमधली सगळी मंडळी. शिरीषचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून सिनेमातल्या स्मगलरसारखा बसला होता. इराला आईबाबांना घेऊन गाडीनं मलेशियात मलाक्याला जायचं होतं. बाबाला दिसत नाही, तर शेजारी आईनं बसावं, रस्ता दाखवावा, हा तिचा हट्ट. आणि मध्येच ती ओरडली, “अंकल, डू द हँडब्रेक वन लाह! प्लीज!”

टाळ्या. मी काय, तयारच. ओढणी घेतली, उलथनी उंच धरली. प्रयोग सुरू. मागे मागे घसरत आलो. लोक हसताहेत. आणि इरानं हसत हसत आईला विचारलं, “ममा, सो डिड यू फर्गेट ऑर नॉट? जस्ट अॅडमिट लाह!”

वहिनी वडे वाढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “विसरले असेन गं.”

इतक्या वर्षांत त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या. हसल्या होत्या, गप्प बसल्या होत्या, पण असं नाही. मग म्हणाल्या, “मला वाटतं मी केलंय, आणि केलेलं नसतं. म्हणून तर सांगते, माझ्याकडून काही शिकू नकोस. शेजारी दुसऱ्या कुणाला तरी बसव.”

मी जिंकलो होतो. कळतंय का तुम्हाला? हसवून हसवून मी एका धडधाकट, हुशार बाईला तिच्याच हातांवर संशय घ्यायला लावलं होतं. आता गोष्ट खोटी उरलीच नव्हती. ती खरी मानायला माझ्याखेरीज सगळे तयार होते — त्यासुद्धा.

मी सोफ्यापाशी उभा, दोन्ही हातांत उलथनी. आता ती लाजून खाली यायची वेळ. हात खाली येईनात.

“वहिनी,” मी म्हणालो, “वायपर उभे होते.”

लोकांना वाटलं नवीन भर घातली. हसले.

“वायपर उभे होते. मी खाली केले. सकाळी गाडी मी बाहेर काढली. बर्फावर घसरवत होतो, मजा म्हणून. हँडब्रेक मीच ओढला. समोरच्या आजीला मारता मारता राहिलो. तुम्ही गाडी लावली तशीच होती.” असं काहीतरी. ओढणी खांद्यावरच होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रयोग. एकही हशा नाही.

वहिनींनी काय म्हटलं ते शेवटी सांगतो. नंतरचं आधी सांगतो, कारण ते थोडंसंच आहे. शिरीष काळ्या चष्म्याआडून एकच शब्द बोलला. तो छापता येणार नाही. इरा म्हणाली, “वाह लाओ, अंकल,” म्हणजे इथल्या बोलीत ‘कमाल आहे तुमची’, आणि माझ्या हातातली उलथनी काढून घेतली. ती अजून परत दिलेली नाहीत. अंजू माझ्याशी बोलते, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. बुधवारी संध्याकाळी कॉरिडॉरमधून खाली पाहिलं. शिरीषची पांढरी गाडी कारपार्कमध्ये शिरत होती. शेजारी इरा. गाडी उलटी आली, एका दमात बसली, दोन्हीकडे सारखी जागा. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी उतरल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि लिफ्टकडे गेल्या. वळून, कुलूप ओढून बघायला परत आल्या नाहीत. वर पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असंही नाही.

माफ केलं का? माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तो त्यांचा हिशेब, त्यात मी पुन्हा नाक खुपसायचं कारण नाही. मला मात्र, सांगायला लाज वाटते पण सांगतो, फार हलकं वाटतंय. जाड जॅकेट घालून भर उन्हात पुंगोलमध्ये फिरावं आणि एकदम कुणी चेन ओढून काढून घ्यावं, तसं.

तर त्या रविवारी मी बोलून थांबलो. वहिनींच्या हातात झारा. मला वाटलं, आता तो येतो डोक्यात. आलाच असता तरी चाललं असतं. त्यांनी एकच विचारलं, “उभे होते?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी झारा खाली ठेवला. चेहऱ्यावर राग यायला हवा होता. तो कदाचित नंतर आला असेल. त्या क्षणी तो नव्हता. त्या क्षणी सांगलीच्या रस्त्यावर जीप पहिल्यांदा सरळ चालवलेली एक मुलगी तिथे उभी होती, आणि ती सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

“शिरीष, आबांना फोन लाव की! मी गाडी नीटच लावली होती!”